अफवा, पुरावा आणि आप्तता : प्लेगच्या निमित्ताने

(१)

'गैरसमज' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. त्याच्या घटनेतच एक निवाडा गृहीत धरलेला असतो : योग्य समज कोणता हे ठरलेले आहे, तो आपल्यापाशी आहे आणि इतरांचा समज त्यापासून ढळलेला आहे. साथीच्या रोगांविषयी लिहिताना तर हा निवाडा जवळजवळ अपरिहार्य ठरतो. लोक अज्ञानी होते, म्हणून त्यांनी अफवांवर विश्वास ठेवला. ज्ञान पोचले असते तर अफवा विरल्या असत्या, अशी ही मांडणी असते. तिच्या उलट टोकाला अलीकडच्या दशकांत आणखी एक मांडणी उभी राहिली आहे. तिच्या मते अफवा ही अज्ञानाची खूण नसून सत्तेने गप्प केलेल्या लोकांचे ते एक भाष्य असते. ते खरे की खोटे हा प्रश्न गौण असून त्यात व्यक्त झालेला रोष महत्त्वाचा असतो.

या दोन्ही मांडण्या मला अपुऱ्या वाटतात. पहिली लोकांना विचार करणारी माणसे मानीत नाही आणि दुसरी त्यांना आपल्या विचाराची जबाबदारी असलेली माणसे मानीत नाही. साथीच्या काळात चुकीचा समज बाळगणाऱ्याला नैतिकदृष्ट्या जबाबदार धरता येते काय, आणि तो समज ज्यांच्या वर्तनामुळे पटण्याजोगा झाला त्यांच्याकडे या जबाबदारीचा किती वाटा जातो, हा या निबंधाचा प्रश्न आहे. त्याच्या विचारासाठी १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेल्या प्लेगचे उदाहरण मी घेतो आहे. हे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. परंतु चाफेकर बंधूंची कृती आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला यांच्या अनुषंगानेच त्याची चर्चा होत आल्यामुळे त्यातला ज्ञानविषयक आणि नैतिक पेच बहुधा दुर्लक्षित राहिला आहे.

(२)

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रोगाचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी नगरपालिकेच्या आयुक्तांनी एक अधिसूचना काढून घरांत शिरण्याचे, घरे धुऊन काढण्याचे आणि रुग्णाला सक्तीने इस्पितळात हलविण्याचे अधिकार घेतले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. शहरात तेव्हा नाना वदंता पसरल्या होत्या. इस्पितळात माणसे मारली जातात. त्यांच्या देहांतून 'मोमियाई' नावाचे तेल काढले जाते. राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते त्याचा सूड म्हणून हे सारे चालले आहे, असे लोक बोलत. पुढे प्रतिबंधक लस आली तेव्हा तिच्याविषयीही अशाच कंड्या पिकल्या : टोचून घेतल्याने पुरुषत्व जाते, स्त्रिया वांझ होतात, सुई वारभर लांब असते.

या समजांकडे नीट पाहिले तर त्यांत निरीक्षण आणि अनुमान अशी दोन अंगे वेगळी करता येतात. इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे निरीक्षण खरे होते. रुग्ण उशिरा, पुष्कळदा मरणासन्न अवस्थेत तेथे पोचत आणि पोचल्यावरही त्यांच्यावर खात्रीचा इलाज कोणापाशीच नव्हता. नातेवाइकांना दूर ठेवले जाई हेही खरे होते. या खऱ्या निरीक्षणांवरून 'तेथे माणसे मारतात' हे जे अनुमान निघाले ते मात्र चुकीचे होते. हा हेत्वाभास आहे. परंतु हेत्वाभासात सापडणारा माणूस विचार करीतच नाही असे कोणी म्हणणार नाही. उलट, पुढ्यात आलेल्या गोष्टींची संगती लावण्याचा तो प्रयत्न करीत असतो; फक्त ती संगती लावण्यासाठी लागणारा एक दुवा त्याच्यापाशी नसतो.

हा दुवा कोणता? माझ्या मते तो वैद्यकीय माहितीचा नसून विश्वासाचा आहे. येथे न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाचा विचार उपयोगी पडतो. आपले बहुतेक ज्ञान आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वीकारतो. हे सांगणे प्रमाण केव्हा ठरते? सांगणारा आप्त असेल तेव्हा. वात्स्यायनाने आप्ताच्या लक्षणात दोन गोष्टी घातल्या आहेत : त्याला त्या वस्तूचे साक्षात् ज्ञान असावे, आणि ते जसे आहे तसे दुसऱ्याला सांगण्याची त्याची इच्छा असावी. विशेष म्हणजे, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असे त्याने स्पष्टपणे म्हटले आहे. आप्तता जन्मावर किंवा अधिकारपदावर अवलंबून नाही.

साथीविषयीच्या आपल्या चर्चेत या लक्षणाचा पहिलाच भाग विचारात घेतला जातो. डॉक्टरला ज्ञान आहे; मग लोक त्याचे का ऐकत नाहीत, असे आपण विचारतो. परंतु मुंबईतल्या गिरणी कामगाराची शंका मुख्यतः डॉक्टरच्या ज्ञानाविषयी नव्हती, तर त्याच्या हेतूविषयी होती. ज्या सत्तेने एरवी त्याच्या जगण्यामरण्याची फारशी दखल घेतली नव्हती, ती एकाएकी शिपाई घेऊन त्याच्या खोलीत शिरते आणि 'तुझ्या भल्यासाठी' असे म्हणते, हेच त्याला अगम्य होते. मोमियाईची कथा या अगम्यतेला दिलेले उत्तर आहे. ते उत्तर खोटे होते, पण प्रश्न खोटा नव्हता.

हेतूची शंका अधिक माहिती सांगितल्याने फिटत नाही. ती आचरणानेच फिटते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने आपल्या लसीचा पहिला प्रयोग स्वतःच्या देहावर केला. त्याच वर्षी पुण्याजवळ यशवंतराव फुले यांच्या रुग्णसेवेच्या कामात सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणीत होत्या, आणि त्या संसर्गानेच १० मार्च रोजी त्यांचा मृत्यू झाला. हाफकिन हा युक्रेनमध्ये जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ आणि सावित्रीबाई या सातारा जिल्ह्यातल्या शूद्र समाजातल्या शिक्षिका. दोघांच्या आयुष्यांत साम्य काहीच नाही. पण दोघांनीही दुसऱ्याला जे सांगायचे त्याची जोखीम आधी स्वतः उचलली. आप्ततेचा दुसरा भाग सिद्ध होतो तो असा.

(३)

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. सरकारचा समज तरी बरोबर होता काय? प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. परंतु तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे १८९६ मध्ये कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते. मुंबईतले उपाय त्या काळच्या युरोपीय समजांवर आधारलेले होते : रोग घाणीत, दमट जमिनीत, कोंदट हवेत आणि गर्दीत वसतो. म्हणून गटारे धुतली गेली, भिंतींवर कार्बोलिक शिंपडले गेले, छपरे फोडून घरांत ऊन आणले गेले, अंथरुणे जाळली गेली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्याच्या वस्त्या पाडल्या त्याही 'रोग वस्तीत राहतो' या समजाच्या आधारावर. आणि त्या पाडकामाने बेघर झालेले लोक आणखी दाटीवाटीच्या खोल्यांत जाऊन राहिले.

१८९८ मध्येच पॉल-लुई सिमों याने कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू रोग वाहते असे दाखविले. त्याच सुमारास नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने हे मत ग्राह्य मानले नाही. मुंबईत लिस्टनने केलेली निरीक्षणे आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेले संशोधन यांनंतरच ते सर्वमान्य झाले. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे शासनाचा समज हा, काटेकोर अर्थाने, गैरसमज होता. मात्र त्याला तो शब्द कोणी लावला नाही. गिरणी कामगार मोमियाईची भीती बाळगतो तेव्हा ती अंधश्रद्धा. अधिकारी कार्बोलिकवर भरवसा ठेवतो तेव्हा ते त्या काळचे शास्त्र. या वाटणीत दडलेला पक्षपात लक्षात घेतल्याशिवाय गैरसमजांविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार पोचत नाही.

याउलट, ज्याला लोकसमज म्हणून बाजूला सारण्यात आले त्यात काही खरे ज्ञानही होते. उंदीर पडू लागले की घर सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायचे, हा रिवाज देशाच्या अनेक भागांत होता. महाराष्ट्रात 'उंदीर पडणे' हा शब्दप्रयोग पिढ्यान्पिढ्या अंगावर काटा आणीत असे तो याच कारणाने. घर सोडणाऱ्यांना पिसवांविषयी काही ठाऊक नव्हते. पण उंदरांचे मरण आणि माणसांचे मरण यांतला क्रम त्यांनी अचूक टिपला होता. या ठिकाणी त्यांचे निरीक्षण आणि अनुमान दोन्ही योग्य होती.

तरीही 'दोघेही चुकत होते, म्हणून दोघांचे समज सारख्याच योग्यतेचे' असा निष्कर्ष मला काढावयाचा नाही. वैद्यकशास्त्राच्या चुकीला एक वाट मोकळी होती. सिमोंचे मत नाकारले गेले. पण ते लिहिलेले होते, त्याचा प्रयोग पुन्हा करता येत होता, आणि तो पुन्हा करणारे कोणीतरी पुढे आले. अर्थात ही वाटही आपोआप मोकळी राहत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला. कार्बोलिकऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची हाफकिनची रीतच मुळात धोक्याची मानली गेली. खरे पाहता त्या गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि दूषित झाला होता तो त्यामुळे. हाफकिनवरचा कलंक पुसला जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले. येथे चुकीचा समज पसरविणारे निरक्षर शेतकरी नव्हते. ती विद्वान समिती होती. परंतु त्या समितीचा निर्णय कागदावर होता आणि त्याच्याविरुद्ध वाद घालता येत होता. मोमियाईच्या कथेविरुद्ध वाद घालायचा तर कोणाशी घालणार?

अफवेचा खरा दोष येथे आहे. ती नेहमी 'असे म्हणतात' या रूपात येते. आप्ततेच्या दोन्ही कसोट्या तिला लावता येत नाहीत, कारण पाहणारा कोण आणि सांगणारा कोण हे त्यात नाहीसे झालेले असते. सरकारी डॉक्टरच्या हेतूविषयी शंका घेणारा माणूस एका अर्थाने विवेकाने वागत होता. पण त्याच्याकडून काढून घेतलेला विश्वास त्याने ज्याला दिला, त्याला ना नाव होते ना चेहरा. एका ठिकाणी लावलेली कसोटी दुसऱ्या ठिकाणी त्याने लावली नाही. त्याची नैतिक जबाबदारी सुरू होते ती येथून.

(४)

ही जबाबदारी किती अवघड असते याचे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात आहे. १८७७ मध्ये विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यातला जहाजमालक आपले जहाज सुरक्षित आहे अशी स्वतःची प्रामाणिक समजूत करून घेतो आणि ते प्रवाशांसह बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की, समजूत प्रामाणिक असली तरी ती बाळगण्याचा अधिकार त्या मालकाला नव्हता. किंबहुना जहाज सुखरूप पोचले असते तरीही तो दोषीच ठरला असता. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हीच त्याच्या दृष्टीने एक अनीती आहे.

१८९७ च्या उन्हाळ्यात गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. मार्चपासून पुण्यात रँड यांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या चालविल्या होत्या. देवघरांत बुटांनिशी शिरणे, सामान रस्त्यावर काढून जाळणे, स्त्रियांची बेअदबी करणे, अशा तक्रारी येत होत्या. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या व्यवस्थेविषयी जाहीर तक्रार केली होती. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे, आणि त्यांतील एकीने आत्महत्या केल्याचे, तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. दरम्यान २२ जून रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. गोखले परतले तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती ती माणसे पुरावा घेऊन पुढे येण्यास तयार नव्हती. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत. आरोप मागे घेतला आणि जाहीर माफी मागितली. या माफीची बोचणी त्यांना दीर्घकाळ सोसावी लागली. पुण्यात ती अनेकांना नामुष्की वाटली.

क्लिफर्डच्या दृष्टीने पाहिले तर गोखल्यांनी जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले, हे योग्यच होते. परंतु येथे क्लिफर्डचा जहाजमालक पुरेसा पडत नाही. जहाजाची तपासणी करणे मालकाच्या हातात होते. पुण्यातल्या एखाद्या घरात खरोखरच असा अत्याचार झाला असता, तर १८९७ सालच्या समाजात त्याचा पुरावा मिळण्याची शक्यता किती होती? साक्ष देणारी स्त्री त्या क्षणापासून आपल्याच घरात परकी झाली असती. पुरावा नसणे आणि घटना न घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जेथे पुरावा उभा राहू नये अशीच समाजाची आणि सत्तेची रचना असते, तेथे केवळ 'पुरावा आणा' असे म्हणणे नेहमी बलवानाच्या पथ्यावर पडते.

तरीही गोखल्यांची माफी मला चुकीची वाटत नाही. त्यांनी दोन अटी पाळल्या. आपल्या विधानाखाली आपले नाव घातले होते, म्हणून ते तपासता आले. आणि तपासात ते टिकले नाही तेव्हा त्याची किंमत स्वतः मोजली, ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना ती मोजू दिली नाही. अफवा नेमक्या याच दोन गोष्टी कधी करीत नाही. गोखल्यांचे विधान चुकीचे ठरले असेल. पण त्यांची आप्तता त्यामुळे कमी झाली नाही. माझ्या मते ती वाढली.

(५)

साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात या चर्चेचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्याच व्यवसायाच्या एका मोहात आहे. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात अफवेकडे शेतकरी-बंडांचे एक निनावी, स्वयंपूर्ण भाषिक माध्यम म्हणून पाहिले. प्लेगविषयक वदंतांचे डेव्हिड आर्नल्ड यांनी केलेले वाचन याच परंपरेतले आहे. सुसान सोंटॅग यांनी १९७८ आणि १९८९ मध्ये रोगाभोवती साचणाऱ्या रूपकांची चिकित्सा केली. या अभ्यासांचे आपल्यावर ऋण आहे. अडाणी बडबड म्हणून जे टाकून दिले जात होते ते अर्थपूर्ण असू शकते, हे त्यांच्यामुळे दिसू लागले.

पण अर्थ लावण्याची सवय जडली की खरेखोटेपणाचा प्रश्न आपल्याला खालच्या पातळीवरचा वाटू लागतो. मोमियाई म्हणजे वसाहतवादी शोषणाचे रूपक, असे आपण लिहितो, आणि ते सुंदर वाटते. परंतु आर्थर रोड इस्पितळावर चालून गेलेल्या जमावाने ती कथा रूपक म्हणून वाचली नव्हती. आत जे रुग्ण होते तेही त्यांच्यासारखेच गरीब होते. रूपकाचे सौंदर्य आपल्याला दिसते ते आपण त्या खाटेवर नसल्यामुळे. सोंटॅग यांचा आग्रह तर याच्या उलट होता : रोगाला रूपकांतून सोडवा, कारण रूपकाचे ओझे शेवटी रुग्णाच्याच अंगावर येते. अफवेचा अर्थ लावणे हे समीक्षकाचे काम आहे. तो अर्थ तिच्या असत्याचा बचाव म्हणून पुढे करणे हे नव्हे. दुसऱ्याच्या समजाचा आदर करायचा तर तो चुकीचा असू शकतो हेही त्याला सांगता आले पाहिजे. लहान मुलाच्या बोलण्याचा आपण नुसता अर्थ लावतो. बरोबरीच्या माणसाशी मात्र वाद घालतो.

(६)

१८९६ नंतरच्या पाव शतकात प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या वेळी घाईने केलेला १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने पुन्हा वापरात आला, आणि त्याच्यासोबत जुने पेचही परतले. त्या महिन्याच्या अखेरीस बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर निर्जंतुक द्रव फवारला गेला. कार्बोलिकची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले आणि पुढे तिला ती भूमिका सोडावी लागली. महाराष्ट्रात कोंबडीचे मांस खाल्ल्याने रोग होतो या वदंतेने कुक्कुटपालन करणारे शेतकरी नागवले गेले. रोग एका विशिष्ट धर्माच्या लोकांनी आणला हा समज तर सुशिक्षित घरांतून पसरला. तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा बनविले गेल्याचे दिसते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला ऑगस्ट २०२० मध्ये म्हणावे लागले.

हे शेवटचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. गिरणी कामगाराच्या गैरसमजामागे दुबळेपणाचा अनुभव होता. त्याची शंका वर, सत्तेकडे रोखलेली होती. २०२० मधला हा समज खाली, आपल्याहून दुबळ्यांकडे रोखलेला होता, आणि तो बाळगणाऱ्यांपाशी माहितीची साधने भरपूर होती. अज्ञानाची सबब येथे चालत नाही, शोषिताच्या रोषाचीही चालत नाही. तो समज त्यांना पटला, कारण तो पटावा अशी त्यांची इच्छा आधीपासूनच होती. क्लिफर्डचा जहाजमालक अगदी असाच होता.

म्हणून गैरसमजाचा नैतिक हिशेब मांडताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. सांगणाऱ्याने आपल्या आचरणाने विश्वास मिळविला होता काय? ऐकणाऱ्यापाशी तपासण्याची साधने होती काय, आणि असतील तर ती त्याने का वापरली नाहीत? आणि समज चुकीचा ठरल्यास त्याचे मोल कोणाला द्यावे लागणार होते? या प्रश्नांची उत्तरे मुंबईच्या कामगाराबाबत, प्लेग आयोगाबाबत, गोखल्यांबाबत आणि आपल्याबाबत वेगवेगळी येतील. पण प्रश्न सर्वांना सारखेच लागू आहेत. आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना समान आहे असे म्हणणाऱ्या भाष्यकाराला हीच समता अभिप्रेत असावी. आणि साथीच्या दिवसांत ती पाळणे सर्वांत कठीण जाते, हे आपण दोनदा अनुभवले आहे.